चौथा ठोका

१

रोज सकाळी सात वाजता, गरम पाव कॉफीत बुडवून खाऊन झाला, की आर्सेनियो बुस्तामांते आपल्या दुकानाची लोखंडी जाळी वर सरकवत असे आणि सर्वांत आधी फळीवरचा छोटा रेडिओ लावत असे. बातम्यांत त्याला रस नव्हता. तो रेडिओकडे आधी उजवा कान करी, मग डावा. ईस्टरपर्यंत दोन्ही कानांना एकच निवेदक ऐकू येत असे. ईस्टरनंतर डाव्या कानाचा निवेदक भिंतीपलीकडच्या घरात राहायला गेला होता.

फिलिपिन्समधल्या ओलोंगापो गावात त्याला आर्सेनियो कोणी म्हणत नसे. सगळ्यांसाठी तो सेन्योंग होता. अमेरिकी आरमाराचा तळ गजबजलेला होता, तेव्हा खलाशांच्या क्लबांत त्याने वीस वर्षे गिटार वाजवली. तळ उठल्यापासून घराच्या पुढच्या खोलीत बसून तो इतरांचे अँप्लिफायर दुरुस्त करीत आला. या धंद्यात शेवटचा निवाडा कानाचा असतो. मीटरवरचे आकडे बरोबर आले तरी कान ‘नाही’ म्हणाला, तर यंत्र पुन्हा उघडायचे, हा त्याचा नेम होता.

मे महिन्यात चर्चच्या गायकवृंदाचा अँप्लिफायर त्याने ‘ठणठणीत आहे’ असे सांगून परत दिला. रविवारी प्रार्थनेच्या ऐन मध्यावर तो कर्कश शिटी घालू लागला. घरी पोहोचताच उंबरठ्यावर चप्पल काढता काढता त्याच्या बायकोने, लिगायाने, त्याला गाठले.

“म्हाताऱ्या, सगळ्या चर्चने कान झाकले आणि तू एकटा मान डोलवत बसला होतास. फादरसुद्धा तुझ्याकडे बघत होते.”

“मी प्रार्थनेत होतो.”

“प्रार्थनेत! लग्नाच्या दिवशीसुद्धा तू प्रार्थनेत नव्हतास. नीट ऐक, ऐकू येत असेल तर. पुन्हा एकदा असं झालं, की हे दुकान बंद आणि आपण दावाओला, मारिविककडे. लेक वर्षभर बोलावतेय. कबूल?”

“कबूल,” सेन्योंग म्हणाला. कानाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद तेव्हा दुकानाच्या खणात, जुन्या स्क्रूंच्या डब्याखाली होता. तो लिगायाने पाहिलेला नव्हता.

दावाओतल्या जावयाच्या घरात टीव्हीसमोरच्या खुर्चीवर बसून मरण्याची कल्पना त्याला सोसवत नव्हती. म्हणून त्याने मनाशी एक पैज लावली. तरुणपणी तो ‘लॅथ्रॉप’ नावाच्या, व्हॉल्व्हच्या म्हणजे तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, अँप्लिफायरवर वाजवत असे. ती कंपनी केव्हाच बुडाली होती. पण त्या आवाजाचा कण न् कण त्याला आठवत होता. एक लॅथ्रॉप मिळवायचा, त्यात आपल्या मनासारखे फेरफार करायचे आणि तो आवाज केवळ कानाने जुळवून दाखवायचा. जमले, तर कान शाबूत. न जमले, तर जाळी आपल्याच हाताने खाली ओढायची.

२

लॅथ्रॉप बारेतो गावात निघाला, आलिंग पासिंग नावाच्या बाईंकडे. समुद्राकडच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता.

“उलटा का ठेवलाय?” सेन्योंगने विचारले.

“ऊन लागतं ना, सेन्योंगदादा. कापड विटतं.”

त्या खोलीला खिडकी नव्हती. पण विकणाऱ्याशी वाद घालणे हा सेन्योंगचा स्वभाव नव्हता. त्याने खोका फिरवला. पुढचे कापड फाटले होते, मूठ तुटली होती. मात्र आतले सारे मूळचे दिसत होते. कोपऱ्याकोपऱ्यात बारीक करडी धूळ साचली होती. तिला बोट लावताच त्याने ती ओळखली: एक्याण्णव साली पिनातुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हा आठवडाभर गावावर पडलेली राख. म्हणजे तेव्हापासून हा खोका कोणी उघडलेला नव्हता.

“कुणाचा हा?”

“धाकट्या भावाचा. रूफोचा.”

“आणि रूफो?”

“बँडबरोबर गेला,” पासिंगबाई म्हणाल्या आणि टेबलावर नसलेला चुरा फडक्याने झटकू लागल्या. “तुम्ही काय वाजवायचात?”

“गिटार. आणि मोजायचंही माझ्याकडेच होतं. आमचा ड्रमवाला दुसऱ्या बाटलीनंतर तीनपुढे मोजू शकत नसे. मी काडीने चार ठोके द्यायचो, की सगळे एकदम सुरू.”

बाईंचा हात थांबला. त्यांनी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिले.

“मग तुम्हीच न्या,” त्या म्हणाल्या. “किमतीचं काय ते तुम्ही ठरवा.”

तिचाकीत खोका चढवताना सेन्योंगने हात हलवून निरोप घेतला. पण पासिंगबाईंनी तोवर दार लावून घेतले होते.

३

पहिले तीन दिवस कामात सुखाचे गेले. त्याने राख ब्रशने काढली. सुकलेले कंडेन्सर उपटून नवे बसवले. तळावरच्या विजेसाठी बनवलेले यंत्र गावातल्या विजेवर चालावे, म्हणून नवा ट्रान्सफॉर्मर घातला. मग मुख्य फेरफार: लॅथ्रॉपमध्ये एक व्हॉल्व्ह केवळ आवाजाला थरथर देण्यासाठी राखलेला असे. ती थरथर सेन्योंगला कधीच आवडली नव्हती. तिच्या तारा तोडून त्याने तो व्हॉल्व्ह आवाजाला धार देण्याच्या कामी लावला. तारांचा प्रत्येक डाख चकचकीत बसला.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने यंत्र सुरू केले. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले, स्पीकरमध्ये मंद गुणगुण उमटली. आता काडीची तपासणी. चालू यंत्रात हात घातला तर मरण. म्हणून नूडल खायच्या बांबूच्या काडीने एकेक भाग ठोकून पाहायचा. एखादा डाख कच्चा असला, की स्पीकर खरखरतो. जुन्या व्हॉल्व्हवर ठोकले, तर आतली जाळी हलून स्पीकरमधून ‘टिंग’ असा आवाज येतो. यात नवल काही नाही. सेन्योंग प्रत्येक ठिकाणी तीन वेळा ठोकत असे, एका लयीत. एकदा ठोकल्यावर शंका राहते, तिसऱ्यांदा राहत नाही.

पहिला व्हॉल्व्ह: टिंग, टिंग, टिंग. दुसरा तसाच. थरथरीतून मोकळ्या केलेल्या तिसऱ्या व्हॉल्व्हवर त्याने तीन ठोके दिले आणि काडी उचलली.

टिंग, टिंग, टिंग. टिंग.

सेन्योंगने काडीकडे पाहिले. ती व्हॉल्व्हपासून वीतभर वर होती.

४

त्याने घाई केली नाही. तो हिशेबी माणूस होता आणि चाळीस वर्षांत प्रत्येक चमत्काराखाली त्याला एखादा सुटलेला डाखच सापडला होता.

तापलेली काच आकसताना टिचकते, हे पहिले कारण. त्याने व्हॉल्व्ह बदलला. चौथा ठोका आला. सैल बैठक, हे दुसरे. त्याने बैठक बदलली. चौथा ठोका आला. तिसरे कारण प्रतिध्वनी. मग त्याने दोन ठोके देऊन पाहिले. काही आले नाही. पाच दिले, काही आले नाही. तीन दिले की मात्र चौथा येई. आणि तीन सावकाश दिले तर सावकाश, भरभर दिले तर भरभर. प्रतिध्वनीला एवढी समज नसते. लय सांभाळण्यासाठी आधी ती ऐकावी लागते.

उरलेले कारण त्याला सगळ्यांत नको होते. त्याने उजव्या कानात कापसाचा बोळा घातला आणि केवळ डाव्या कानाने ऐकले. स्वतःचे तीन ठोके भिंतीपलीकडून आल्यासारखे, मुके आले. चौथा मात्र लखलखीत आला, जणू कोणी कानाच्या पाळीशीच नख वाजवले.

तर हे असे आहे, सेन्योंगला वाटले. दोष खोक्यात नाही, डोक्यात आहे. जो कान खरे आवाज सोडून देऊ लागला होता, तो आता खोटे आवाज घडवू लागला होता.

त्या दुपारी त्याचे जेवणात लक्ष नव्हते. लिगायाने मासळीची वाटी पुढे सरकवली.

“तीनदा विचारलं, भात वाढू का. कुठे असतोस?”

“तीनदाच?” त्याच्या तोंडून निघाले.

“मग काय, लाउडस्पीकर लावू?” ती म्हणाली, पण हसली नाही. “सेन्योंग, खरं सांग. कान कसा आहे?”

“उत्तम.”

“तुझ्या खणातल्या स्क्रूंच्या डब्याखालचा कागद तसं म्हणत नाही.”

तो खाली मान घालून भात कालवत राहिला. तिनेही आवाज चढवला नाही, आणि तेच त्याला जास्त लागले.

“मला तुला हरवायचं नाहीये, म्हाताऱ्या. पण तू दिवसभर त्या खोक्यासमोर बसतोस, तीन वेळा ठोकतोस आणि दचकतोस. मी दारातून बघते. आज मारिविकला फोन करते.”

“एक दिवस थांब,” सेन्योंग म्हणाला. “उद्या सकाळी दुकानात ये. तुला फक्त मोजायचंय. तू सांगशील ते मी ऐकेन. बंद म्हणालीस, तर बंद.”

५

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास लिगाया हात पुसत दुकानात आली. बाहेर कडक ऊन होते. समोरच्या घरात कोणीतरी कराओकेवर एकच कडवे पुन्हा पुन्हा घोटत होते. खोलीच्या मागच्या भिंतीवर वायरींची भेंडोळी आणि संतांच्या चित्राचे कॅलेंडर टांगले होते.

“तिकडे उभी राहा. भिंतीकडे तोंड, माझ्याकडे पाठ,” तो म्हणाला. “मी ठोकतो, तू मोज. वळून बघायचं नाही, नाहीतर माझा हात बघून सांगशील.”

“शाळेत बाई असंच उभं करायच्या.”

“आणि तू बडबड करायचीस म्हणूनच करायच्या. आता गप्प.”

त्याने काडी उचलली. काडीची हालचाल दिसू नये, म्हणूनच त्याने लिगायाला पाठमोरे उभे केले होते. ती ‘तीन’ म्हणाली, तर संपले. त्याने तीन ठोके दिले आणि काडी मांडीवर ठेवली.

“चार,” लिगाया म्हणाली.

“काय?”

“चार. बहिरी मी नाहीये, बहिरा तू आहेस.”

“पुन्हा मोज.” त्याने या वेळी अगदी संथ तीन ठोके दिले.

“एक. दोन. तीन.” ती थोडी थांबली. “चार. शेवटचा जरा जवळून आला. काडी बदललीस का?”

सेन्योंग हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला. कान शाबूत होता! डोके शाबूत होते! जे त्याला ऐकू येत होते, ते या जगात खरोखर वाजत होते. दावाओची खुर्ची दूर कुठेतरी मावळली. त्या क्षणी त्याला दुसरे काहीच सुचले नाही. आणि वीस वर्षे क्लबांच्या मंचावर, गर्दीचा कल्ला टिपेला पोहोचला की हात जे आपोआप करी, तेच त्याच्या हाताने आताही केले. त्याने काडी उचलून आनंदाने, ठसक्यात, पुरते चार ठोके दिले.

स्पीकरमधली गुणगुण थांबली.

मग त्यातून श्वास आला. एकाचा नव्हे. गाण्याच्या पहिल्या सुराआधी सगळे मिळून जो एकदम आत ओढतात, तो श्वास.

त्याच क्षणी वीज गेली. पंखा मंदावला, समोरचा कराओके कडव्याच्या मध्येच तुटला, सारी गल्ली एकदम ओस पडल्यासारखी झाली. ओलोंगापोत हे रोजचेच होते. कंडेन्सरांत साठलेल्या विजेवर अँप्लिफायर क्षणभर जिवंत राहतो, हेही सेन्योंगला ठाऊक होते. तरीही तो पुढे वाकला, कारण तिसऱ्या व्हॉल्व्हच्या माथ्यावर उजेड दिसत होता.

व्हॉल्व्हच्या काचेला माथ्याशी आतून चंदेरी मुलामा असतो. अंगठ्याच्या नखाएवढा बाकदार आरसाच तो. त्यात सेन्योंगला आपले टक्कल दिसले आणि त्यामागे आपली खोली. खोलीत पिवळा दिवा लागला होता. कॅलेंडरच्या भिंतीला लागून माणसे ओळीने उभी होती. किती, ते त्याला मोजता आले नाही, किंवा त्याने मोजायचे टाळले. एकाचा हात तारांवर उचललेला होता. त्यांच्या मधोमध लिगाया उभी होती. त्याने सांगितल्याप्रमाणे तिने भिंतीकडे तोंड केले होते. बाकी सगळ्यांची तोंडे सेन्योंगकडे होती. वादक मोजणाऱ्याकडे पाहतात, तसे ते पाहत होते.

“गाया,” तो म्हणाला. आवाज शक्य तितका साधा ठेवण्याचा त्याने प्रयत्न केला. “डोळे मीट. आणि माझ्या आवाजाच्या दिशेने मागे मागे ये.”

“का? विंचू आहे का?”

“हो. विंचू आहे. हळू ये.”

ती आली. तिची पाठ त्याच्या खांद्याला टेकली, तेव्हा त्याने मान वळवली. भिंतीवर वायरींची भेंडोळी होती, कॅलेंडर होते आणि उन्हाची एक तिरीप होती. कॅलेंडर हलत होते. पण पंखा नुकताच थांबला होता, त्यामुळे त्यावरून काहीच ठरवता येत नव्हते.

“कुठे गेला?” लिगायाने विचारले.

“कोण?”

“विंचू, रे.” मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “सेन्योंग, माझ्या मानेवर कोणीतरी श्वास घेतला.”

६

संध्याकाळच्या आत त्याने सगळे व्हॉल्व्ह उपसून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि बिस्किटांच्या डब्यात भरले. कंडेन्सरांतली वीज उतरवली, स्पीकरच्या तारा कापल्या. आता तो केवळ लाकडाचा खोका होता. पासिंगबाईंचा फोन लागत नव्हता. अखेर त्याने तो खोका भिंतीकडे तोंड करून ठेवला. ठेवून झाल्यावर आपण काय केले, हे त्याच्या ध्यानात आले. पण पुन्हा फिरवण्याचा धीर त्याला झाला नाही.

लिगायाने मारिविकला फोन केला नाही. दोन दिवस ती त्या खोलीत गेलीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात चिंचेचे आंबट सूप ढवळत होती. दार उघडे होते. दारातून दुकानाचा एक तुकडा आणि खोक्याची पाठ दिसत होती. सेन्योंग खिडकीशी बसून मिरच्या चिरत होता.

“दुकान चालू ठेव,” ती ढवळता ढवळता म्हणाली. “मी हरले. कान चांगला आहे तुझा. मीच सांगितलं ना, चार.”

“तू सांगितलंस.”

“मग तोंड का उतरलंय? जिंकलास की.”

त्याला सांगायचे होते की, त्याला जिंकायचे नव्हते. तिने ‘तीन’ म्हटले असते, तर एकट्या त्याचाच कान नासला असता आणि आज ते दोघे दावाओच्या बोटीत असते. साक्ष हवी, म्हणून त्यानेच तिला त्या भिंतीशी उभे केले होते.

“सूप उतू जाईल,” तो म्हणाला.

लिगायाने गॅस बारीक केला, डाव वर उचलला आणि त्याला चिकटलेली भाजी झटकण्यासाठी तो पातेल्याच्या काठावर आपटला. एक. दोन. तीन.

डाव हवेत थांबला.

दोघांपैकी कोणीही हलले नाही. सेन्योंगच्या हातातली सुरी मिरचीवर तशीच राहिली. बाहेरून एक जीप गेली, तिचा आवाज कोपऱ्यावर वळून विरला. दुकानातून काहीही आले नाही. तरीही ते दोघे त्या रिकाम्या जागेकडे कान लावून राहिले. ती रिकामी जागा भरत नव्हती, आणि सरतही नव्हती.

लिगायाचा चेहरा पांढरा पडला होता. तिची नजर दारावरून ढळत नव्हती. मग, फुटू पाहणारी शिंक दाबावी तसे ओठ मिटून, तिने हात अगदी हलकेच खाली आणला आणि डाव काठाला टेकवला.

चार.

“का केलंस?” सेन्योंगने कुजबुजत विचारले.

“मला वाट बघवेना,” ती म्हणाली. “त्यांनी द्यायच्या आधी...”

पुढच्या खोलीत अनेक माणसांनी एकदम श्वास आत घेतला.

सेन्योंगने तिचा हात धरला. वीस वर्षांच्या अनुभवाने त्याला ठाऊक होते, की त्या श्वासानंतर पहिला सूर यायला केवळ एका ठोक्याचा अवधी लागतो. त्याचा उजवा कान खिडकीकडे होता. दाराकडे डावा होता, आणि त्या कानाला आता सगळे काही अगदी स्पष्ट ऐकू येत होते.